आत्या जागेवर आहे

आमच्या प्रयोगशाळेत रोज सकाळी पहिला प्रश्न एकच असायचा: "आत्या कशी आहे?"

नव्याने आलेल्या माणसाला वाटायचं, कुणाची तरी आत्या अंथरुणाला खिळली आहे आणि सगळे मायेने चौकशी करताहेत. प्रत्यक्षात आत्या म्हणजे करंगळीच्या पेराएवढी, फिरकीच्या झाकणाची एक प्लास्टिकची नळी. यंत्र सुरू केलं की रुग्णांचे नमुने घालण्याआधी त्यात असा एक नमुना घालायचा, ज्याचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे. उत्तर ठरलेल्या पट्ट्यात आलं की समजायचं, यंत्र शुद्धीवर आहे, आता त्याने दुसऱ्यांबद्दल काही सांगितलं तर ऐकायला हरकत नाही. उत्तर पट्ट्यात आलं तर "आत्या जागेवर आहे". जास्त आलं तर "आत्या चढली". कमी आलं तर "आत्या पडली".

वरच्या मजल्यावर तातडीच्या तपासण्यांची छोटी प्रयोगशाळा होती. तिथेही आमच्याच नळ्या जात. तिथला मुलगा अधूनमधून फोन करायचा, "आत्या पडली." आमचे मुख्य तंत्रज्ञ, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, फोन खांद्यात दाबून विचारायचे, "किती?" मुलगा आकडा सांगायचा. मग मास्तरांचं ठरलेलं वाक्य: "ती फेकून दे. दुसरी काढ."

नळीला हे नाव पडलं, कारण तिच्यात खरोखरच माझ्या आत्याचं रक्त होतं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. शिकायला म्हणून मी तिच्या दोन खोल्यांत राहायला आले आणि शिक्षण संपलं तरी तिथून हलले नाही. ती याच रुग्णालयाच्या तळघरात, कपड्यांच्या विभागात होती. फाटलेल्या चादरी, रुग्णांचे झगे, शस्त्रक्रियेची हिरवी फडकी, सगळं तिच्या शिलाईयंत्राखालून जायचं. मी तिला आत्या म्हणते म्हणून तिथला इस्त्रीवाला तिला आत्या म्हणू लागला, मग भट्टीवरची माणसं, मग सगळं तळघर. तळघराला खिडकी नव्हती. सकाळी ऊन कोवळं असताना ती जिना उतरायची आणि वर यायची तेव्हा दिवे लागलेले असायचे.

तिला मधुमेह होता, दुसऱ्या प्रकारचा, चाळिशीनंतर सावकाश मुक्कामाला येणारा. एकदा ती रक्तदान करायला गेली, तर रक्तपेढीने साखरेचं कारण सांगून परत पाठवलं. ते तिला फार लागलं. "माझं रक्त काय नासकं आहे का," असं ती आठवडाभर भांडी घासताना पुटपुटत होती. त्याच सुमाराला आमच्या विभागप्रमुख मॅडमचा अभ्यास सुरू होत होता. मधुमेह असलेल्यांच्या रक्तात ड जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम किती असतं, आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या देऊनही काहींना गुण का येत नाही, हे त्यांना बघायचं होतं. त्यांचा अंदाज होता की दोष पुष्कळदा मॅग्नेशियमचा असतो. शरीरात ड जीवनसत्त्व कामाला लावायला मॅग्नेशियम लागतं. ते नसेल तर ड जीवनसत्त्वाची गोळी म्हणजे किल्लीशिवाय कुलूप. त्यासाठी तपासणीचा नमुनाही मधुमेह असलेल्या माणसाचाच हवा होता. मी घरी सहज बोलले आणि दुसऱ्या दिवशी आत्या बाही वर करून मॅडमसमोर हजर. डॉक्टरांनी तिला तपासून होकार दिल्यावर एक पिशवीभर रक्त घेतलं. ते गोठू दिलं, वरचा पिवळसर द्रव वेगळा केला, शेकडो नळ्यांत थोडा थोडा भरला आणि त्या उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवल्या.

"म्हणजे माझ्यावरून सगळ्यांचं माप काढणार?" तिने विचारलं होतं.

"हो."

"मग नीट मापा. मी कुणाच्या अध्यात ना मध्यात, पण माझ्या नावाने खोटं कुणी बोललेलं मला चालायचं नाही."

रोज सकाळी एक नळी बाहेर काढायची आणि वितळवायची. नियमाप्रमाणे ती कोमट पाण्याच्या भांड्यात धरायला हवी, पण ते भांडं कधीचं बिघडलेलं. मास्तर म्हणायचे की तळहाताच्या तोडीचं यंत्र अजून निघालेलं नाही. त्यामुळे आमच्याकडे नळी दोन्ही तळहातांत धरून हळूहळू घोळवायची पद्धत पडली होती. मी रुजू झाल्यापासून ते काम माझंच. मला प्रत्येक आकडा दशांशापर्यंत हवा असतो म्हणून मास्तरांनी माझं नाव 'दशांश' ठेवलं होतं. "दशांश, आत्याला ऊब दे," ते म्हणायचे आणि मी नळी घोळवत यंत्र तापायची वाट बघायचे.

बरेच महिने आत्या दगडावरच्या रेघेसारखी होती. मॅग्नेशियम एक पूर्णांक नऊ, कधी एक पूर्णांक आठ. ड जीवनसत्त्व कमीच होतं, तळघरातल्या माणसाचं असावं तसं, पण तेही रोज तेवढंच. मग एका सोमवारी मॅग्नेशियम थोडं खाली आलं. पट्ट्यातच होतं, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. दुसऱ्या दिवशी आणखी खाली. आठवडा संपेपर्यंत नळी पट्ट्याच्या बाहेर होती.

आमच्या कामात अशा वेळी आधी स्वतःवर संशय घ्यायचा, मग रसायनांवर, मग यंत्रावर. मी हात धुऊन पुन्हा केलं. रसायनाची नवी बाटली उघडली. कंपनीकडून विकत आणलेला दुसरा तपासणी-नमुना लावला, तो अगदी बरोबर आला. त्याच फ्रीजरमधले, त्याच कप्प्यातले इतरांचे जुने नमुने पुन्हा मोजले, ते होते तिथेच होते. खाली जात होती ती फक्त आत्या. ड जीवनसत्त्वही उतरत होतं. त्याचं एक वेळ कळलं असतं, ते नाजूक असतं, उजेडाने, उष्णतेने बिघडतं असं म्हणता आलं असतं. पण मॅग्नेशियम हा धातू आहे. तो नासत नाही, आंबत नाही, उडून जात नाही. झाकण सैल राहून पाणी उडालं तर उलट आकडा वाढायला हवा. बंद नळीतून, बर्फातून, तो जाणार कुठे?

मी हे मास्तरांना विचारलं. ते म्हणाले की नळ्या भरताना कुणीतरी घाण केली असेल.

"मग ती पहिल्या दिवसापासून दिसायला हवी होती. रोज नवी नळी उघडतोय आपण. सगळ्या एकाच दिवशी भरल्या होत्या. मग कालच्या नळीत जास्त आणि आजच्या नळीत कमी कसं?"

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "दशांश, फार खोलात गेलं की पाणी गढूळ होतं," एवढंच ते बोलले.

घरी आत्याच्या डाव्या डोळ्याची पापणी फडफडायला लागली होती. कुठून तरी पैसा येणार असेल, असं ती हसून म्हणाली. मग पोटरीत गोळे येऊ लागले. बोटांना मुंग्या. आयुष्यभर एका हिसक्यात सुईत दोरा ओवणारी माझी आत्या दोरा तोंडात ओला करून पुन्हा पुन्हा सुईशी नेऊ लागली. मी रक्त तपासू या म्हटलं, तर तिने झिडकारलं.

"पिशवीभर दिलंय ना तुम्हाला? त्यातच बघा काय ते."

"ते जुनं आहे, आत्या."

"माझंच आहे ना? जुनं काय नि नवं काय."

तिला खरी भीती कशाची होती ते मला माहीत होतं. मागच्या वर्षी भट्टीवरच्या एका बाईंचे आकडे वाईट आले आणि साहेबांनी त्यांना प्रकृतीच्या कारणाने घरी बसवलं. त्या बाई आता गॅलरीत बसून रस्त्यावरच्या गाड्यांकडे बघतात. आत्याला गॅलरी नको होती. रक्त काढणं म्हणजे तिच्या लेखी हात दाखवून अवलक्षण करून घेणं होतं. ती बधेना, आणि तिचं खरं काय चाललं आहे हे सांगू शकणारी दुसरी कुठलीही गोष्ट माझ्या हातात नव्हती. म्हणजे, नसायला हवी होती.

त्या संध्याकाळी ती खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती. मी तिची पोटरी चोळत होते. बोलता बोलता ती म्हणाली, "रोज सकाळी एक गंमत होते बघ. मी यंत्रावर जाऊन बसते, पहिली चादर घेते, तेवढ्यात अंगातून एकदम गार शिरशिरी जाते. आणि मग कुणीतरी माझे हात हातात घेतं."

"कोण?"

"कुणी नसतं तिथे. पण घेतं. असे." तिने माझा हात तिच्या दोन्ही तळव्यांत धरला आणि हळूहळू घोळवला. "बरं वाटतं. ओळखीचे हात वाटतात."

मी विचारलं, रोज होतं का? रविवारची पाळी असली तरी त्या दिवशी होत नाही, असं ती म्हणाली. रविवारी प्रयोगशाळा बंद असते.

मी तिला नळ्या कशा वितळवतात ते कधीच सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

दुसऱ्या दिवशी मी नळी हातात घेतली नाही. ओट्यावर ठेवली आणि आपोआप वितळू दिली. संध्याकाळी घरी गेल्यावर काही न विचारता गप्प बसले. जेवताना आत्याच बोलली, "आज नाही आलं ते कुणी. सबंध सकाळ नुसती कुडकुडत होते."

एकदा झालेल्या गोष्टीवर विश्वास ठेवायचा नाही असं मला शिकवलेलं आहे, म्हणून मी पुढच्या दिवशी नळी घोळवली, त्याच्या पुढच्या दिवशी ठेवून दिली, मग लागोपाठ दोनदा घोळवली. आत्याला त्यातलं काही माहीत नव्हतं. तिचं उत्तर एकदाही चुकलं नाही. त्यानंतर मी तो प्रयोग थांबवला. तिला कुडकुडत ठेवून मिळणारा पुरावा मला नको होता.

नळीतला आकडा उतरतच होता. एक पूर्णांक दोन. एक. मग शून्य पूर्णांक आठ. एवढ्या कमी मॅग्नेशियमवर हृदयाची लय बिघडू शकते, झटके येऊ शकतात. एखाद्या रुग्णाचा हा आकडा असता, तर मी ताबडतोब फोन करून वॉर्डला कळवलं असतं. पण हा रुग्ण नव्हता. हा फ्रीजरमधला एक तपासणी-नमुना होता. मी मॅडमकडे जाऊन काय सांगणार होते? की गेल्या वर्षी काढलेल्या रक्ताला आज बरं वाटत नाहीये?

मी आत्याला विनवलं, धमकावलं, अबोला धरला. तिने पापणी बोटाने दाबून धरली आणि म्हणाली, "चिमणे, आधी शिवायला बसू दे. ढीग पडलाय. शनिवारी बघू."

शनिवार उजाडायच्या आत मास्तरांनी निर्णय घेतला. सकाळी मी आले तर फ्रीजरचा तो कप्पा रिकामा. नळ्यांचा सगळा रॅक जाळायला पाठवायच्या पिवळ्या पिशवीत उपडा केलेला होता आणि पिशवी दाराजवळ, उन्हाच्या पट्ट्यात ठेवलेली. नळ्यांवरचं बर्फ उतरून पिशवीला आतून घाम फुटला होता.

"लॉट बाद," मास्तर म्हणाले. "विकतचा वापरू. मॅडमना सांगितलंय मी. किती दिवस खोट्या नळीच्या मागे धावायचं?"

मी खाली बसून पिशवीत हात घातला. आतल्या उपड्या रॅकमध्येच अडकून राहिलेली एक नळी हाताला लागली. ती अजून टणक होती. का ते मला सांगता येणार नाही, पण मी ती दोन्ही तळव्यांत धरली आणि घोळवू लागले. रोज काही क्षणांत मऊ पडणारी नळी त्या दिवशी वितळेना. आतला बर्फाचा खडा झाकणाला चिकटून बसला होता. माझ्याच हातांना गारठा चढत गेला. आणि मग बोटांना काहीतरी जाणवलं, बारीक, अनियमित. पापणी फडफडावी तसं. ती माझीच नाडी असणार, असं मी स्वतःला सांगितलं. नळी घट्ट धरली की अंगठ्यातली नाडी जाणवते.

तेवढ्यात फोन वाजला. मास्तरांनी तो नेहमीसारखा खांद्यात दाबला. पलीकडचा आवाज मोठा होता, मला दारापर्यंत ऐकू आला.

"आत्या पडली."

"किती?" मास्तर म्हणाले.

"किती म्हणजे? पडली हो. सगळीच पडली."

"मग ती फेकून दे," मास्तर म्हणाले, "दुसरी काढ," आणि त्यांनी फोन ठेवला.

वरच्या प्रयोगशाळेत त्या सकाळी आत्याची एकही नळी नव्हती. सगळ्या माझ्यासमोर पिशवीत होत्या. पडायला वर कुणी नव्हतंच.

"मास्तर, कुणाचा फोन होता?"

त्यांच्या चेहऱ्याचा रंग माझ्यासमोर उतरला. आवाज इस्त्रीवाल्याचा होता.

मी जिन्यावरून कशी उतरले ते आठवत नाही. मुठीत नळी तशीच होती. आत्या शिलाईयंत्राच्या पायाशी, घडी घातलेल्या चादरींच्या ढिगावर आडवी झाली होती. जमिनीवर आपटली नव्हती, तेवढं त्या चादरींनी सांभाळलं. तिचे दोन्ही हात मनगटात वाकले होते आणि पाचही बोटं टोकाशी जुळली होती, लहान मुलाला घास भरवताना जुळतात तशी. ती बोटं इस्त्रीवाला उघडायचा प्रयत्न करत होता आणि ती उघडत नव्हती. तो रडकुंडीला आला होता. "मी तुम्हालाच कळवायला फोन केला, ताई," तो म्हणाला, "तर ते म्हणाले फेकून दे."

आम्ही तिला स्ट्रेचरवरून वर नेलं. तातडीच्या विभागातला डॉक्टर माझ्याच वयाचा होता. मधुमेह म्हणताच त्याने आधी साखर बघितली. ती ठीक होती. हृदयाच्या आलेखावर मात्र मधूनच एखादा ठोका वेडावाकडा पडत होता, आणि अशा ठोक्यांची रांग लागत चालली होती.

"मॅग्नेशियम द्या," मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे बघितलं. "कशावरून? रिपोर्ट आहे का?"

रिपोर्ट नव्हता. रक्त आता काढून, गोठू देऊन, फिरवून, यंत्रात घालून आकडा यायला जो वेळ लागणार होता, तो त्या कागदावरच्या वेड्यावाकड्या ठोक्यांकडे होता असं मला वाटत नव्हतं. माझ्याकडे एक आकडा होता. तो खरा आहे असं मानायला माझ्या शिक्षणात कुठेही जागा नव्हती. मी आयुष्यात कधी एका माणसाचा आकडा दुसऱ्या माणसाच्या नावावर सांगितलेला नाही. पण हे रक्त दुसऱ्या कुणाचं नव्हतं.

"कालचा आहे," मी म्हणाले. "शून्य पूर्णांक आठ."

"यांचाच?"

"यांचाच."

त्याने सुई टोचून आधी नमुना काढून घेतला आणि लगेच सलाईनमधून मॅग्नेशियम सुरू केलं. मी आत्याचे हात माझ्या हातांत धरले. नळी अजून माझ्या उजव्या मुठीत होती, म्हणजे ती आमच्या दोघींच्या तळव्यांमध्ये आली. कोण कशाला घोळवत होतं, कुणास ठाऊक. बऱ्याच वेळाने आत्याची बोटं एकेक करून सुटली. सगळ्यांत शेवटी करंगळी. तिने डोळे उघडले आणि पुटपुटली, "हं. हेच ते हात." मी मूठ उघडून बघितली. बर्फाचा खडा विरघळला होता.

मी ती नळी आणि तिचा ताजा नमुना शेजारी शेजारी यंत्रात लावले. शून्य पूर्णांक सात एक. शून्य पूर्णांक सात एक. यंत्राला दोघींतला फरक कळला नाही.

दुपारी डॉक्टरांनी कोणकोणती औषधं चालू आहेत ते विचारलं. आत्याने साखरेच्या गोळ्या सांगितल्या. आणखी काही? नाही. मी तिचा कामाचा कोट घडी करून ठेवत होते, त्याच्या खिशात गोळ्यांच्या पाकिटांचा चुरगळा लागला. आम्लपित्ताच्या गोळ्या, रोज एक, कधी दोन, कित्येक वर्षं, कोपऱ्यावरच्या दुकानातून स्वतःच्या मनाने घेतलेल्या. त्या वर्षानुवर्षं घेतल्या की काहींच्या शरीरात मॅग्नेशियम शोषलं जात नाही, आणि साखर जास्त असली की लघवीवाटे आणखी जातं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी तिच्याकडे बघितलं, तर ती म्हणाली, "ते काय औषध आहे का? ते तर जेवणानंतरचं."

म्हणजे तिचं मॅग्नेशियम का उतरलं, याचं उत्तर मिळालं. अगदी पाठ्यपुस्तकातलं, कुठेही न अडणारं. नळीतलं का उतरलं, याचं उत्तर त्यात नव्हतं.

मी प्रयोगशाळेत परतले तेव्हा पिवळी पिशवी दाराजवळ नव्हती. कचऱ्याची गाडी दुपारी येऊन गेलेली असते. पण मास्तर फ्रीजरसमोर स्टुलावर बसले होते, पाठ त्याच्या दाराला टेकवून, एखादा पहारेकरी बसावा तसे. त्यांनी सगळ्या नळ्या पिशवीतून काढून, पुसून, पुन्हा रॅकमध्ये उभ्या केल्या होत्या आणि रॅक आत ठेवला होता. एकदा वितळलेले नमुने पुन्हा गोठवले तर ते तपासणीला चालत नाहीत, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. मास्तरांनी फक्त विचारलं, "कशी आहे?"

"जागेवर येतेय," मी म्हणाले.

"कोणती?"

तेव्हापासून आमच्याकडे तो नियमच झाला. कुणीही 'आत्या' म्हटलं की मास्तर आधी विचारणार, कोणती? उत्तर मिळाल्याशिवाय पुढे एक शब्द नाही. वरच्या मुलाला ती थट्टा वाटायची.

काही दिवसांनी मास्तरांनी स्वतःच एक नळी काढली, स्वतःच्या तळव्यांत घोळवली आणि विकतच्या नमुन्यामागे गुपचूप यंत्रात सरकवली. एक पूर्णांक नऊ. "यंत्राचाच दोष होता," ते म्हणाले, आणि त्यांना स्वतःला ते पटलेलं नाही हे त्यांच्या मानेवरून दिसत होतं. त्या संध्याकाळी आत्या म्हणाली की आज कुणी परक्यानेच हात धरले. जाडजूड होते, पण वाईट नव्हते.

त्यानंतर नळ्या कुणी काढल्या नाहीत. रॅकवर मास्तरांनी जाड पेनाने 'टाकू नये' असं लिहिलं. का टाकू नये, ते लिहिलं नाही. आत्याला डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. ती चिडली, मग निमूटपणे गॅलरीत बसू लागली, कोवळ्या उन्हात, बाही वर करून. आम्लपित्ताच्या गोळ्या बंद झाल्या, मॅग्नेशियमच्या सुरू झाल्या, आणि ड जीवनसत्त्वाचा आकडा, जो इतकी वर्षं हलला नव्हता, सावकाश वर चढू लागला. सकाळी निघण्यापूर्वी मी तिचे हात थोडा वेळ हातात धरते. ते आता ऊबदार असतात. फक्त डाव्या करंगळीचं टोक कायम गार असतं. मधुमेहात बोटांच्या नसांवर परिणाम होतो, त्यामुळे असं वाटू शकतं. पण ते टोक मलाही गार लागतं, आणि माझ्या नसांना काही झालेलं नाही.

काल अकराच्या सुमाराला रुग्णालयाची वीज गेली. दिवे विझले, यंत्रांचे आवाज बंद पडले आणि फ्रीजरची घरघर थांबली. जनरेटर लगेच उचलतो, पण काल त्याला जरा वेळ लागला. मास्तर आणि मी दोघंही फ्रीजरच्या दाराशी जाऊन उभे राहिलो होतो, ठरवल्यासारखे. मग घरघर परत सुरू झाली, आणि तिच्यापाठोपाठ फोन वाजला. घरून होता.

"चिमणे," आत्या म्हणाली, "तुमच्याकडची वीज गेली होती का गं?"

आमचं घर तिथून दोन बसगाड्यांच्या अंतरावर आहे. ते वेगळ्या लाइनवर येतं.

"का? तिकडेही गेली का?"

"नाही, इथे पंखा चालू आहे की." ती म्हणाली. "काही नाही गं, उगीच विचारलं. मला मघाशी एकदम उकडलं."

मी फोन ठेवला. कुणाचा होता, असं मास्तरांनी विचारलं. आत्याचा, मी म्हणाले.

ते फ्रीजरच्या आकड्याकडे बघत होते. तो पुन्हा उणे ऐंशीकडे उतरत चालला होता. या वेळी त्यांनी विचारलं नाही, कोणती.